गोकर्णीच्या वेलीचा मालक

देवासाठी तोडलेलं फूल म्हणजे चोरी नव्हे, असं आईने शिकवलं होतं. म्हणून सिंगापूरच्या पुंगोलमधल्या आमच्या ब्लॉकखालच्या सामायिक बागेतून कुंपणाबाहेर झुकलेली गोकर्णीची निळी फुलं मी रोज ऑफिसला जाण्याआधी बिनदिक्कत तोडायचे. एका सकाळी मागून आवाज आला —

"आज पाचच? काल अकरा नेलीत."

अस्सल मराठी! मी दचकून वळले.

"तुम्ही... पाळत ठेवता माझ्यावर?"

"वेल माझी आहे. एवढा तरी हक्क असावा."

"बाप्पाला वाहते हो मी."

"मग पुण्य निम्मं-निम्मं," तो हसला आणि आणखी चार फुलं त्यानेच तोडून माझ्या ओंजळीत टाकली.

त्याचं नाव रुचिर. जहाजावर इंजिनिअर, सध्या सुट्टीवर. दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास लवकर उठू लागले. कारण फक्त बाप्पाला ठाऊक होतं.

एका शनिवारी वॉटरवे पार्कात त्याने मला सिंपोचं भलंमोठं पिवळं रानफूल दाखवलं. सवयीने माझा हात पुढे गेला, तशी त्याने बोटं धरली.

"इथे तोडायचं नाही, किमया. हे झुडूप माझं नाही."

बोटं मात्र त्याने बराच वेळ सोडली नाहीत... आणि मीही आठवण करून दिली नाही.

मग एका सकाळी रिमझिम पावसात खाली आले, तर तो गोकर्णीच्या वेलीची सुतळी सोडवत होता.

"हे काय?"

"सोमवारी जहाजावर जातोय. सात महिने. बागेतला भाड्याने घेतलेला वाफा परत करतोय."

"आणि मला कधी सांगणार होतात?"

तो मातीकडे बघत राहिला. "बाबाही जहाजावरच होते. आईचं अर्धं आयुष्य वाट बघण्यात गेलं. मी ठरवलंय... कुणावर ती वेळ आणायची नाही."

मला रडू येत होतं आणि रागही. राग आधी बाहेर पडला.

"आईंना कधी विचारलंत?"

"विचारलं होतं. म्हणाली, पुढच्या जन्मीही यांचीच वाट बघेन."

"मग माझं तेवढं परस्पर ठरवून टाकलंत? मला तुम्ही आवडता, रुचिर. वाट बघायची की नाही, ते मी ठरवणार!"

पाऊस वाढला. आम्ही दोघंही हललो नाही. त्याने सुतळी खाली टाकली आणि मातीने भरलेल्या हातांनी माझे हात धरले.

"किमया... बघशील?"

"सात महिने," मी म्हटलं. "वर एक दिवस गेला ना, तर बघ!"