सहादूभाऊंचा माउस

ही गोष्ट रचलेली नाही. आणि रात्रीचीही नाही.

गेल्या मार्चमधली भर दुपार. वणी रोडवरचं द्राक्षांचं पॅकहाउस. बायका बाहेर लिंबाच्या सावलीत डबे उघडून बसल्या होत्या. निकिता तेवढ्यात कोल्ड रूममध्ये शिरली. लेबलं तपासायची आणि यायचं, म्हणून जॅकेटही घातलं नाही.

मागे दार सरकलं. बंद झालं.

आतून उघडायचा दांडा दिवाळीतच मोडला होता. तो दुरुस्त करायचं सोडून मालकांनी तोडगा काढला. दाराचं कुलूप कॉम्प्युटरवर चालायचं; आतून दार वाजवायचं, समोरच्या केबिनमधला प्रफुल्ल कॉम्प्युटरवर क्लिक करणार, दार उघडणार. आपल्याकडे असे तोडगे वर्षानुवर्षं चालतात. एखाद्या दिवशी चालत नाहीत, एवढंच.

तिने दार वाजवलं.

दाराच्या गोल काचेतून प्रफुल्ल दिसला. तो माउस आपटत होता. मग त्याने कीबोर्डची वायर काढली, फुंकर मारली, दुसरीकडे खोचली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी धावत काचेपाशी आला.

"ताई, अपडेट झालं हाय! माउस घेईना, कीबोर्ड बी घेईना!"

"अरे मग मालकांना फोन लाव! चावी त्यांच्याकडं हाय ना?"

"लावला! नाशिकात हायेत. निघालेत!"

नाशिकहून येईपर्यंत आपलं काय होईल, हे निकिताला कुणी सांगायला नको होतं. आत काटा शून्यावर होता. दात वाजायला लागले होते.

याच खोलीत सहादूभाऊ गेले होते.

प्रफुल्लच्या आधीचे ऑपरेटर. मोठा मायाळू माणूस, फक्त आपल्या वायरलेस माउसला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. चहाला निघाले तरी तो शर्टाच्या खिशात. "भाऊ, वहिनींनाही एवढं जपत नसाल," असं निकिताच चिडवायची. दोन वर्षांपूर्वी सीझन संपताना ते आत अडकले. सकाळी सापडले, तेव्हा उजवा हात पुढे धरलेला होता, काहीतरी पकडल्यासारखा. माउस मात्र सापडलाच नाही. तो दांडा त्यांच्यानंतर बसवलेला.

टिक...

निकिता वळली. पंखा असेल.

टिक... टिक...

कोपऱ्यातल्या पेट्यांमागून येत होता आवाज. पळावं, तर दार समोरच बंद होतं. तिने मोबाइलचा उजेड पाडला.

भिंतीला बर्फाचा थर. खाली फरशीवर काळा माउस. त्याच्यावर बर्फाचा कणसुद्धा नव्हता.

तिने तो उचलला...

कोमट होता. आत्ताच कुणीतरी हातातून ठेवल्यासारखा.

बाहेर खुर्ची पडली. प्रफुल्ल दोन्ही हात वर करून उभा होता.

"ताई! बाण आपोआप हलतोय!"

तिच्या लक्षात आलं. सहादूभाऊंच्या माउसचा सिग्नल पकडणारा नखाएवढा तुकडा अजून कॉम्प्युटरच्या मागेच खोचलेला होता. कुणी काढलाच नव्हता. अपडेटने नवे सगळे नाकारले आणि तो एकटा ओळखला.

तिने दाराजवळच्या पेटीवर माउस टेकवला. "प्रफुल्ल, माझ्याकडं नको बघू, स्क्रीनकडं बघ! सांग कुठं नेऊ!"

"वर... वर घ्या! उजवीकडं! लय गेला, मागं!"

बाण बटणावर आला. पण बोटं गोठली होती. वळेचनात. निकिता रडायला लागली. घरी तिची लेक शाळेतून यायची होती.

तेव्हा तिच्या हातावर हात आला.

मागून... गार... जड. लहान पोराचा हात धरून पाटीवर गिरवून घेतात, तसा. त्याने तिचं बोट दाबलं.

टिक.

दार उघडलं. बायकांनी तिला उन्हात बसवून शालींत गुंडाळलं. प्रफुल्लने माउस उलटा केला. आत सेल नव्हता. नुसता गंज होता.

मागे दार आपसूक बंद झालं होतं. प्रफुल्लने माउस केबिनमधल्या टेबलावर ठेवला. कुणाचाही हात त्याला लागत नव्हता.

टिक...

सगळ्यांनी पाहिलं. बाण सरकत बटणावर गेला. दार पुन्हा उघडलं. गार हवेचा झोत बाहेर आला, सावकाश, कुणीतरी शेजारून चालत जावं तसा. मग दार मिटलं. तो माउस पुन्हा कधी चालला नाही.

सुटला बिचारा, असं सगळे म्हणतात. निकिताही म्हणायची. तिने ती नोकरी सोडली. घरी कॉम्प्युटर नाही, मोबाइलवर भागतं.

पण तिचा उजवा हात तेव्हापासून गार आहे. मेच्या उन्हातही गारच होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फरक नाही. दुपारी भाजी निवडताना मध्येच तिचं बोट आपोआप खाली जातं. तिने न दाबता. पुन्हा... पुन्हा.

परवा तिने नवऱ्याला हळूच विचारलं, "अहो, भाऊ बाहेर आले, हे सगळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी माझा हात अजून का सोडला नाही?"