आडवं लेबल

"सही करा आणि विषय मिटवा," गोदामाचा मॅनेजर म्हणाला.

तपासनीस बाईंनी पुढ्यातल्या कागदाला हातही लावला नाही. त्यांची नजर टेबलावर ठेवलेल्या बाटल्यांवर होती. बोटभर उंचीच्या, तपकिरी काचेच्या, गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या. लेबल चेहऱ्याला लावायच्या महागड्या सीरमचं आणि आत शिलाई मशीनचं तेल! एका बाईचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला होता आणि ती पोलिसांत जायला निघाली होती. इकडे गोदामातली तेवढीच सीरमं गायब होती.

प्रत्येक लेबलाच्या कोपऱ्यात टेबलाचा क्रमांक छापलेला असतो. या लेबलांवरचा क्रमांक होता चिमटीच्या टेबलाचा, आणि सहीचा कागद होता तिला कामावरून काढण्याचा.

चिमटी गोदामात बारीक मालाला लेबलं लावायची. कानातली, सुया, मेमरी कार्डं, जे बोटांत धरवत नाही ते ती चिमट्यात धरायची, म्हणून हे नाव पडलं. आत्ता ती भिंतीपाशी ताठ उभी होती.

"अगं, ऐक माझं," सुपरवायझर समजुतीच्या सुरात म्हणाला. तो तिचा थोरला दीर. नोकरीलाही त्यानेच लावलं होतं. "लिहून दे. नोकरी जाईल, पण पोलीस दारात येणार नाहीत, एवढं मी बघतो. घरच्या माणसावर आळ घ्यायची मला काय हौस आहे?"

"मग घेऊ नका, भाऊजी."

"हे सीरम काय मोलाचं असतं ते माझ्या बायकोला विचार. पार्लर चालवते ती. तुला मोह झाला असेल, कुणालाही होईल."

"मला झाला नाही. नवरा म्हणतो, दादा खोटं बोलणार नाही. सासूबाई सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत. तरी मी लिहून देणार नाही. काय करायचं ते करा."

बाईंना ही पोरगी आवडली. पण आवडण्यावर तपास चालत नाही. त्यांनी बारकोड वाचायचं यंत्र उचललं आणि बाटल्यांवरून फिरवलं. यंत्र मूग गिळून गप्प. पुन्हा फिरवलं. एकही बाटली वाचली गेली नाही.

त्यांनी नखाने एक लेबल सोलून काढलं. खाली ठसठशीत अक्षरांत तेलाचं नाव होतं.

"बघा! नाव झाकायला बाटलीभोवती आडवं गुंडाळलंय," मॅनेजर म्हणाला. "हिचंच काम."

"असेल," बाई म्हणाल्या आणि चिमटीकडे वळल्या. "तू अशा बाटलीला लेबल कसं लावतेस?"

"उभं. आडवं लावलं तर टोकं मागे वळतात, यंत्राला सगळ्या रेघा एकदम दिसत नाहीत."

"आणि वाचलं गेलं नाही तर?"

"बाटली माझ्याकडे परत येते. जुनं काढून नवं लावते."

"अशी आडवी कधी परत आली?"

"एकही नाही."

"जेवणाच्या सुट्टीत प्रिंटर कुठे असतो?"

"टेबलावरच. चालूच असतो."

"परत पाठवायचा नियम पाळला जातो?" बाईंनी सुपरवायझरला विचारलं.

"माझ्या पाळीत? डोळ्यांत तेल घालून पाळतो."

बाईंनी मान डोलावली. "चिमटी, जा, टेबलावर बस."

"अहो, तिला काढलंय!" मॅनेजर उसळला.

"माझी सही होईपर्यंत काढलेलं नाही. ओरडायचं असेल तर नंतर ओरडा. आत्ता माझ्याबरोबर चला."

सुपरवायझर पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्याकडे गेल्यावर त्यांनी परत आलेली एक बाटली, लेबल न सोलता, कुणाच्या नकळत पॅकिंगला निघालेल्या टोपलीत टाकली. मग मॅनेजरला घेऊन त्या फडताळाआड उभ्या राहिल्या.

पॅकिंगवालीने बाटली यंत्रासमोर धरली. पालथी केली, फिरवली, पुसली. मग हात वर केला. "साहेब, वाचत नाहीये!"

सुपरवायझर आला. बाटली बघून क्षणभर थबकला. त्याने पलीकडे चिमटीच्या टेबलाकडे पाहिलं. मग गळ्यातलं कार्ड यंत्राला टेकवलं आणि लेबलवरचे आकडे हाताने भराभर दाबले.

"जाऊ दे पुढे."

"पट्टा थांबवा!" बाई पुढे आल्या. "लेबलच्या टेबलावर का नाही पाठवली?"

"ऑर्डरी तुंबल्यात, मॅडम. एखाद्या वेळी—"

"एखाद्या वेळी?" पॅकिंगवाली म्हणाली. "या बाटल्या अडल्या की साहेबच आकडे मारतात. आम्हाला वाटलं, बरं झालं, खोळंबा नाही."

सगळे हातातलं काम सोडून जमले होते. बाईंनी बाटली उंच धरली.

"लेबल आडवं लावल्याशिवाय तेलाचं नाव झाकलं जात नाही. पण आडवं लेबल यंत्र वाचत नाही. चिमटीने हे केलं असतं, तर बाटल्या पॅकिंगवरून तिच्याकडेच परत येत राहिल्या असत्या, गिऱ्हाइकापर्यंत गेल्याच नसत्या, कारण हाताने आकडे घालायचं कार्ड तिच्याकडे नाही. हे ज्याने केलं, त्याला यंत्राची भीती नव्हती. अडलेल्या बाटलीसाठी हाक त्यालाच जाणार होती. आणि या पाळीत कार्ड एकच आहे."

"हे सगळे तर्क आहेत," सुपरवायझर म्हणाला.

"आत्ता सगळ्यांदेखत केलंत, त्याला तर्क म्हणायचं? लेबलं जेवणाच्या सुट्टीत भावजयीच्या प्रिंटरवर छापलीत. आत्ता ही बाटली तिच्याकडे परत गेली असती, तर लेबल सोलताच खालचं नाव तिला दिसलं असतं. म्हणून एवढं होऊनही तुम्ही ती पुढे ढकललीत. बाकीचं तुमच्या बायकोच्या पार्लरमध्ये बघू या का? आत्ताच जाऊ."

"बायकोला यातलं काही ठाऊक नाही," तो पुटपुटला. "सीरमं कंपनीकडून स्वस्तात मिळतात, असं सांगितलंय मी तिला."

मॅनेजरने त्याच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. बाईंशी नजरानजर टाळत तो चिमटीला म्हणाला, "तू कामाला लाग."

"आधी माफी मागा," चिमटी म्हणाली. "सगळ्यांसमोर चोर म्हणालात, सगळ्यांसमोरच मागा."

मॅनेजरने घसा खाकरला. आणि मागितली.

"अगं, घराण्याची अब्रू आहे," सुपरवायझर कळवळून म्हणाला. "आईला तरी काही सांगू नकोस."

"मी कशाला सांगू, भाऊजी? तुम्हीच सांगायचं," ती म्हणाली. "मी शेजारी उभी राहीन. एक शब्द जरी गाळलात, तर तेवढा मी सांगेन."