मिठात घातलेली पापलेटं

पहिल्याच भेटीत त्याने मला चपला काढायला लावल्या.

मिरकरवाड्याच्या जेटीवर मी माझ्या सुक्या मासळीच्या जाहिरातीसाठी फोटो काढून घेत होते. मागे समुद्र, शेजारी ट्रॉलर... मी ऐटीत एक पाय बोटीवर टाकला, तोच वरून आवाज आला.

"ओ मॅडम! चपला घालून बोटीत नाय चढायचं. लक्ष्मी आहे ती आमची."

मी जीभ चावली आणि चपला हातात घेतल्या. वर पाहिलं, तर उन्हाने रापलेला एकजण हसू दाबत उभा. बोट चालवणारा तांडेल, संदेश.

"तुम्ही त्या मालिकेतल्या नणंद ना? भावजयीच्या दुधात विष घालणाऱ्या?"

"एकदाच घातलं हो! आणि ते मांजराने प्यायलं."

तो इतका मोकळा हसला, की मीसुद्धा हसले. आणि मग उगाचच लाजले. मी! जिने कॅमेऱ्यासमोर कशाकशाची लाज धरली नव्हती!

माझं म्हणाल तर मी रुचिरा. लांज्याकडच्या शेतकरी घरातली. कॉलेजात असताना साड्यांच्या कॅटलॉगसाठी उभी राहिले, मग टूथपेस्टची जाहिरात, मग मालिका. तिशी यायच्या आतच नायिकेच्या काकूची कामं यायला लागली, तेव्हा म्हटलं, खड्ड्यात गेली ती मुंबई! रत्नागिरीत परतले आणि बंदरावरच्या कमळाकाकी नि तिच्या मैत्रिणींना हाताशी धरून सोडे, जवळा, सुके बांगडे विकायला लागले. नटी मासळी विकते म्हणून लोक हसले. हसोत बापडे. पाकिटं खपत होती.

लिलावात मासळी घ्यायची ती कमळाकाकी. माझं तिथे काडीचं काम नव्हतं. तरी मी रोज पहाटे हजर.

"आज पण आलात?" संदेश विचारायचा. "वास नाय येत मासळीचा?"

"येतो की. तुम्हाला माझ्या अत्तराचा येतो का?"

"येतो ना..." तो जाळ्याकडे बघत म्हणायचा. "बोट लागायच्या आधीच येतो."

मग दिवसभर मी पाकिटांवर लेबलं उलटी चिकटवायची.

एके दुपारी तो आमच्या शेडवर आला. हातात पापलेटांची जोडी, काय टवटवीत! "ही... तुमच्यासाठी. आमच्या बोटीतली," एवढंच म्हणाला आणि कान लाल करून निघून गेला.

आणि मी काय करावं? माझ्या डोक्यात सदानकदा धंदा! मला वाटलं, खारवलेलं पापलेट विकून बघा, असं सुचवतोय. मी ती चिरली, मीठ भरलं आणि बरणीत दाबून ठेवली.

दोन दिवसांनी त्याने हळूच विचारलं, "कशी होती?"

"इतक्यात कसं कळेल? मुरायला हवीत ना! नमुना म्हणूनच दिलीत ना तुम्ही?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "हो... नमुनाच," म्हणाला आणि पाठ फिरवून गेला.

कमळाकाकीने कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाय, काय केलंस हे! बोटीवरच्या माणसाला घरच्या कालवणाला मासळी मिळते. ती तो विकत नाय, कुणाला देत नाय. ती आपल्या माणसाच्या चुलीवर जाते. त्याने आपल्या वाट्याची तुला दिली, नि तू मिठात घातलीस? अख्ख्या बंदराला कळलं, तुला तेवढं नाय कळलं!"

मी जाऊन बरणीचं झाकण उघडून पाहिलं.

"आणि ऐक. आई त्याला कधीची मुलगी बघ म्हणून मागे लागलीय. इतके दिवस नाय म्हणत होता. काल हो म्हणाला. रविवारी गुहागरला चाललेत."

तो हवा होता मला. आणि मीच माझ्या हाताने त्याला घालवत होते.

शनिवारी पहाटे जेटीवर गेले. तो बोटीत बर्फ भरून घेत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकी तिकडे आहेत."

"मी तुमच्याकडे आलेय." मालिकेत पानंच्या पानं संवाद म्हटले होते, आता जीभ टाळूला चिकटली. "संदेश... उद्या गुहागरला जाऊ नका. आमच्याकडे मासळी बाजारातून येते हो, मला काय ठाऊक तुमची रीत! पण मला... तुम्ही आवडता. फार आवडता."

आजूबाजूच्या खलाशांनी हातातलं काम थांबवलं.

"आज आवडतो," तो सावकाश म्हणाला. "उद्या मुंबईहून एखादी मालिका आली म्हणजे?"

"आली होती. गेल्या महिन्यात. नायिकेचं काम. मी नको म्हणाले."

"माझ्यासाठी?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही. माझ्या धंद्यासाठी. तुमच्यासाठी मी रोज पहाटे पाचला उठते. तेवढं पुरत नाही का?"

त्याने ओले हात शर्टाला पुसले, उडी मारून खाली आला आणि सगळ्यांच्या देखत माझा हात धरला. त्याचा हात गारठलेला होता. मी सोडवून घेतला नाही.

"घरी चल, रुचिरा. आईला दोघं मिळून सांगू."

"आत्ता? अशी? केस तरी विंचरू देत..."

"आत्ताच," तो म्हणाला. "उद्या रविवार आहे."