तिसऱ्या हाकेआधी

कंदील जरा बारीक करा रे, वात उगीच जळून राह्यली. ही गोष्ट माह्या मोठ्या भावाची, गुलाबरावची. त्यानं सोताच्या तोंडानं मले सांगतली, अन् तो खोटं बोलनारा मानूस नव्हता.

मानमोडीच्या तापाचं साल. दिवाळी झाल्यावरची अष्टमी, सोमवार. कारंजाबाहेर आमचा भाजीचा मळा होता. तापानं मायबाप गेलेले दहा-बारा लेकरं आधी शाळेत ठेवले, मंग धर्मशाळेत, मंग एका बंद जिनाच्या, म्हंजे कापसाची सरकी काढाच्या कारखान्याच्या टिनाखाली. आता कापूस येऊन पडला. जिन सुरू होनार, लेकराईनं पुन्हा निंघायचं. सकाळी त्याईले न्यायचं म्हनून गुलाबराव सांजेलेच बैलगाडी घेऊन गेला.

लेकरं सांभाळे ते तुळसाबाई, एक म्हातारी. तिनं इचारलं, "आता कुठं रे बाप्पा?"

"एका पाटलाचा गोठा रिकामा हाये म्हनते, मावशी."

"गोठा! बैलाईले तरी कोनी इतल्या खेपा हालवते काय?"

हेमला, चार वर्साची पोर, मधातच बोलली, "थ्या गोठ्यात माय येईन?"

तुळसाबाई कापसाच्या ढिगापाशी हातरून घालाले लागली.

थंडी लय होती. लेकरं कापसाच्या ढिगाले चिकटून झोपले. गुलाबराव बाहेर, गाडीखाली. दिवसभराचा थकेल, पडल्या पडल्या डोळा लागला.

मध्यरात्री हाक आली. बाईची.

"गुलाबराव..."

तुमाले ठावं हाये, रातच्या हाकेले तिसऱ्या खेपेबिगर ओ द्याची नाही. जित्तं मानूस तीनदा हाक मारते. मेलेलं दोनदाच. तो गप.

"गुलाबराव... उठा नं जी..."

त्यानं घोंगडं डोक्यावर घेतलं.

तिसरी...

आलीच नाही.

बैल उभे झाले. टिनाखालून खोकला नाही... काही नाही...

मले म्हने, "बापू, भेव तं वाटलंच. पन लय थकेल आवाज होता रे तो. मले कीव आली."

त्यानं ओ देली.

कंदील घेऊन आत गेला. ढीग घसरला होता. कापसातून एक बारीक पाय... त्यानं दोन्ही हातानं कापूस उपसला. हेमला. निळी पडेल. पाठीत थापा मारल्या. एक... दोन... मंग खोकली. रडली.

तुळसाबाई दचकून उठली.

"मावशी, तुमी हाक मारली काय मले?"

"मी कायले मारू? मले तं आत्ता जाग आली."

उजाडल्यावर गाडी भरली. हेमलाले उचलून बसवलं, तवा त्याले दिसलं. पोरीच्या गालावर काजळाची तीट. त्या लेकराईची दृष्ट काढनारं, तीट लावनारं कोन उरलं होतं?

गुलाबरावनं बोट लावून पाह्यलं.

ओली होती.