मधमाश्यांना आधी कळलं

मिस टॅन्सली आमच्या फाटकाशी उतरली तेव्हा वाऱ्यात समुद्राचा खारेपणा होता, आणि फाटकावर मधमाश्यांचं मोहोळ लटकलेलं. दुसरी एखादी किंचाळत स्टेशनावर परतली असती. ही नुसती उभी राहिली. कुंपणापलीकडचा गिल्बर्ट ओरम तोंडावर जाळी ओढत धावत आला आणि हलू नका म्हणाला.

"मी कुठे हलतेय?" ती म्हणाली. "हात तुमचे थरथरताहेत."

गडी तिथेच गारद झाला. मी खिडकीतून पाहत होते. पुरुषाचे कान का लाल होतात हे कळायला पुस्तकं लागत नाहीत.

ती आली होती माझ्या नातीला, थिओला शिकवायला. बाप लढाईत गेलेला, आई दुसरं लग्न करून कॅनडात. तेव्हापासून पोर उठल्या-बसल्या थापा मारायची. आधीच्या गव्हर्नेस वैतागून पळाल्या. ही मात्र प्रत्येक थापेला शांतपणे विचारायची, "बरं, मग पुढे काय झालं?" पोरगी सांगून सांगून थकायची आणि शेवटी धड्याला बसायची.

गिल्बर्ट माझ्या मधपेट्या बघायचा. त्या उन्हाळ्यात तो इतक्या बरण्या घेऊन आला की आमच्या पावाला मधाचा वीट आला. बरणी देताना बोटाला बोट लागायचं, मग दोघंही बरणीकडेच बघत राहायची.

"वारा पूर्वेचा आहे आज," तो म्हणायचा.

"कालही होता."

"हो… कालही."

असलं प्रेम! मला तर जांभया यायच्या.

एवढ्यात यॉर्कशायरच्या एका शाळेनं मिस टॅन्सलीला बोलावलं. ती गेली तर थिओला बोर्डिंगात घालायचं, असं मी सांगून टाकलं. माझ्या म्हाताऱ्या हाडांत आता नवी बाई पारखायचं बळ नव्हतं. थिओनं जेवण टाकलं.

आमच्याकडे जन्म, मरण, लग्न, काहीही असो, घराची किल्ली मधपेटीवर वाजवून माश्यांना सांगावं लागतं. नाही सांगितलं तर त्या रुसून उडून जातात. एका दुपारी किल्ली खुंटीवर दिसेना. काठी टेकत मी सफरचंदाच्या झाडांत गेले. थिओ पेटीवर किल्ली वाजवून सांगत होती, मिस टॅन्सली मिस्टर ओरमशी लग्न करणार आहेत. झाडाआड गिल्बर्ट माश्यांना शांत करायचा धुराचा डबा धरून दगडासारखा उभा. थिओला शोधत आलेली मिस टॅन्सली माझ्या मागे.

"माणसं पुरली नाहीत, म्हणून आता माश्यांना थापा?" मी कडाडले.

पोरीचे डोळे भरले. "थाप नाहीये, आजी. फक्त… अजून झालेलं नाहीये."

गिल्बर्टनं जाळी वर केली. "मी विचारणारच होतो," तो पुटपुटला. "दर वेळी… बरणी ठेवून परत जायचो."

"कळत होतं मला," मिस टॅन्सली म्हणाली. "कपाटात आता जागा नाही उरली."

"मग — यॉर्कशायर?"

ती पेटीजवळ गेली. थिओच्या मुठीतून किल्ली घेतली, पेटीवर हलकेच वाजवली आणि वाकून म्हणाली,

"ऐकलंत ना, बायांनो? थिओनं सांगितलं ते खरं आहे."

गिल्बर्ट मटकन गवतात बसला. थिओनं मात्र मान ताठ करून माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मीही तिला विचारलं, "बरं, मग पुढे काय होणार?"