तिसऱ्या खोलीतली ठिणगी

पिवळा दिवा लागला तेव्हा जीप घाटाच्या दुसऱ्या वळणावर होती. नुसता लागला असता तरी बरं, तो लुकलुकू लागला. दिव्यावर इंजिनाचं एक बारकं चित्र होतं. जीप तापानं फणफणलेल्या माणसासारखी थडथडत होती आणि मागच्या सीटवरची ठकी सारखी दारावर आपटत होती.

आप्पांनी जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आप्पा, थांबू नका ना! आई वर एकटी आहे!" नीरजा जवळजवळ ओरडलीच.

नीरजाची आई पठारावरच्या हवामान केंद्रात शास्त्रज्ञ होती. आज दसरा. दर दसऱ्याला ती आपट्याची पानं घेऊन वर जायची आणि पाऊस मोजायच्या नळकांड्यापासून वाऱ्याच्या यंत्रापर्यंत सगळ्यांना सोनं देऊन यायची. यंदा ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला. दुपारी तिचा फोन आला, "घोटा मोडलाय बहुतेक. पायाची बोटं बधीर होत चाललीयेत." डॉक्टर फोनवर म्हणाले, असं असेल तर उशीर करू नका.

पण जायचं कशानं? धुकं इतकं दाट होतं की उडती रुग्णवाहिका उडेना. आपोआप चालणाऱ्या गाड्या शहाण्या असतात, पण डांबर संपलं की त्यांचं शहाणपणही संपतं. शेवटी उरली ती आप्पांची जीप. पेट्रोलवर चालणारी, वयानं नीरजाच्या दुप्पट. आंबेघोळ गावात सगळे तिला हसायचे. आज मात्र सगळ्यांनी हात जोडून तिला निरोप दिला होता.

आप्पा म्हणजे आईचे वडील. इंजिनाच्या पोटात आग कशी जळते, हे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता संधिवातानं बोटं आखडली होती, पण डोकं ताजं होतं. आणि ठकी होती त्यांची घरकामाची यंत्रमुलगी, उंचीनं गुडघ्याएवढी. सांगाल तेवढंच आणि विचाराल तेवढंच, असा तिचा खाक्या.

"हा दिवा नुसता पेटला असता तर हळूहळू गेलो असतो," आप्पा म्हणाले. "पण लुकलुकतोय म्हणजे 'आत्ता थांबा' असं सांगतोय. या इंजिनात चार सिलिंडर (पेट्रोल जाळायच्या चार बंद खोल्या) आहेत. प्रत्येक खोलीत हवा आणि पेट्रोलची वाफ शिरते, दाबली जाते, मग स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारी कांडी) ठिणगी टाकतो. भडका उडतो आणि चाकं फिरवायला धक्का मिळतो. एखाद्या खोलीत भडका उडालाच नाही, की त्याला मिसफायर म्हणतात. तिघं ओढतायत, चौथा नुसता बसलाय. म्हणून ही थडथड."

"मग तिघांवर जाऊ!"

"आणि चौथ्याचं न जळलेलं पेट्रोल? ते धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जाऊन जळतं. डबा लालबुंद होतो, आणि खाली बघ, गवत किती आहे. जीप पेटली तर तुझ्या आईकडे कोण जाणार?"

त्यांचा आवाज शांत होता, पण टोपी काढून त्यांनी तिचा पार चोळामोळा केला होता. नीरजाला ते दिसलं. म्हणजे आप्पासुद्धा घाबरलेत तर!

"पण बंद खोलीत भडका उडाला नाही, हे दिव्याला कसं कळलं?" तिनं विचारलं. घाबरली तरी तिचे प्रश्न थांबत नसत.

"बागेतलं गोल चक्र चौघं आळीपाळीनं ढकलतायत असं समज. एकानं आपली पाळी चुकवली तर चक्र क्षणभर मंदावतं. डोळे मिटून वर बसलेल्यालाही ते कळतं. इंजिनाच्या दांड्यावर दात असलेलं एक चाक असतं. जीपचा छोटा संगणक ते दात मोजत असतो. कुणाच्या पाळीला चाक मंदावलं, ते तो लक्षात ठेवतो. ठकी, विचार त्याला."

ठकीनं स्टिअरिंगखालच्या खोबणीत आपली तार खुपसली. "तिसरी खोली. उपाय, तिसरी कॉइल बदला."

कॉइल म्हणजे बॅटरीतल्या विजेचा दाब हजारो पटींनी वाढवून तो प्लगला देणारं वेटोळं. इथे प्रत्येक खोलीच्या डोक्यावर एकेक कॉइल टोपीसारखी बसवलेली होती. जादा कॉइल मात्र जवळ नव्हती. दुकान वीस मैलांवर, आणि तेही सणामुळे बंद.

"संपलं," नीरजा म्हणाली. तिला रडू फुटलं.

"अजून काही संपलेलं नाही. संगणकानं चोराचं घर सांगितलंय, चोराचं नाव नाही. ठकी उगाच घाई करतेय. कॉइल वाईट असेल, प्लग वाईट असेल, पेट्रोलच पोचत नसेल. नवी कॉइल न लावताही हे शोधता येतं. तिसरी कॉइल पहिल्या जागी लाव आणि पहिली तिसऱ्या जागी. आजार कॉइलबरोबर पहिल्या खोलीत गेला, तर कॉइल दोषी. तिसरीतच राहिला, तर कॉइल निर्दोष. कर तू, माझी बोटं ऐकत नाहीत."

इंजिन थोडं निवू दिलं. तो वेळ नीरजाला नकोसा झाला. मग हाताला फडकं गुंडाळून आणि पाना घेऊन ती कामाला लागली. धुक्यानं पाना ओला, बोनेट ओलं, तिचे हातही ओले. तिनं घाईघाईनं दोन्ही कॉइल उपसल्या, अदलाबदल केली आणि बोल्ट आवळले.

आप्पांनी जीप चढावर थोडी पुढे घेतली. थडथड! पहिल्यापेक्षा जास्तच.

"पहिली खोली," ठकी म्हणाली. आणि मग, "तिसरीसुद्धा."

आप्पांनी लगेच इंजिन बंद केलं. हे उत्तर त्यांच्या दोन्ही उत्तरांत नव्हतं. त्यांचे हात पुन्हा टोपी चुरगाळू लागले, आणि ते नीरजाला दिव्याहून वाईट वाटलं. तेवढ्यात आईचा फोन आला. "निघालात ना रे?" आवाज बारीक झाला होता. "येतोय," एवढंच नीरजा म्हणू शकली.

"उपाय," ठकी म्हणाली, "दोन्ही कॉइल बदला."

"गप गं!" नीरजा खेकसली. मग मात्र ती थांबली आणि विचार करू लागली. आजार कॉइलबरोबर गेला. आणि मागेही उरला. असं काय असतं, जे थोडं चिकटून जातं आणि थोडं जागेवर राहतं? तिनं आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं.

"आप्पा, पाणी! पाणी असंच करतं!"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. "पहिला प्रश्न विचारायचाच राहिला. बिघाडाच्या आधी काय बदललं? ठकी, आज सकाळी पूजेआधी जीप तू धुतलीस. कुठे कुठे?"

"बाहेरून. आतून. बोनेट उघडून इंजिन. पाइपनं, जोरात. नीरजाताई म्हणाली, 'सण आहे, आतून-बाहेरून चकचकीत कर.'"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं नाही."

नीरजाचं तोंड उतरलं. "माझ्यामुळे झालं."

"तू धुवायला सांगितलंस, मी त्याच इंजिनाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. दोघं मिळून रडू, पण नंतर," आप्पा म्हणाले. "आता कॉइल काढ आणि या वेळी नीट बघ."

कॉइलच्या खालच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीच्या आत थेंब लोंबत होते. तिसऱ्या खोलीवर प्लग बसतो त्या खळग्यात तर चमचाभर पाणी साठलं होतं.

"मग सपाट रस्त्यावर जीप नीट कशी चालली?"

"वीज सोपी वाट शोधते. सपाटीवर इंजिनाला जोर कमी लागतो. खोलीतला दाब कमी, त्यामुळे ठिणगी सहज उडी मारते. चढावर दाब वाढतो आणि उडी अवघड होते. मग वीज म्हणते, त्यापेक्षा हे पाणी बरं. आणि बाहेरच्या बाहेर निसटते."

नीरजानं नव्या परकराबरोबरची ओढणी काढली, सणाची, एकदाच घेतलेली. तिचं टोक काडीला गुंडाळून तिनं खळगे टिपले, नळ्या आतून कोरड्या केल्या. ठकीनं धूळ उडवायच्या पंख्यानं वारा घातला. कॉइल आपापल्या जागी बसल्या.

आप्पांनी किल्ली फिरवली. जीप एका सुरात गुरगुरली. चढ आला, नीरजानं श्वास रोखला. थडथड नाही.

"पण दिवा पेटलेलाच आहे!"

"लुकलुकत नाहीये ना? संगणक संशयी आहे. तीन-चार फेऱ्या नीट झाल्या की मग त्याचा विश्वास बसेल. चल!"

आई केंद्राच्या दारात भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडले होते. नीरजानं तिच्या पायाला हात लावला, तो गार होता. "बोटं हलव ना, आई." अंगठा किंचित हलला, आणि नीरजा तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. आप्पांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

परत उतरताना नीरजाची नजर त्या पिवळ्या दिव्यावरून हलेना. आईनं खिशातून चुरगळलेलं आपट्याचं पान काढलं. "सगळ्या यंत्रांना सोनं दिलं, हिलाच राहिलं." तिनं ते दिव्यावर ठेवलं. "आता रस्त्याकडे बघ."

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. पुढचे दोन आठवडे आईला दवाखान्यात दाखवायला जीपच नेत-आणत होती. एका परतीच्या फेरीत नीरजानं हळूच ते वाळलेलं पान उचललं. खाली काळी काच होती. दिवा विझला होता.

"आप्पा, त्याचा विश्वास बसला!"

घरी पोचताच चिखलानं माखलेली जीप पाहून ठकी पाइप घेऊन आली, आणि चाकाशी थबकली.

"नीरजाताई," तिनं विचारलं, "आतून म्हणजे कुठपर्यंत?"

ठकीनं स्वतःहून प्रश्न विचारलेला सगळे पहिल्यांदाच ऐकत होते.