उतरा, दादा

ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही. माझ्या सख्ख्या वहिनीसोबत घडलेली आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू... पण ती उगाच काहीबाही सांगणारी बाई नाही.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. रात्र नव्हे, भर दुपार. शहराबाहेरचं एक मोठं गोदाम.

वहिनीचं काम फोर्कलिफ्ट तपासण्याचं. ब्रेक, हॉर्न, साखळ्या, माल उचलणारे ते दोन लांब फोर्क... सगळं पाहायचं, मगच मशीन कामाला सोडायचं. रविवारी गोदामात कुणी नसतं, म्हणून तपासणी रविवारी. अंगावर पिणारी लेक माझ्याकडे सोपवून ती गेली होती. "तिच्या दुधाच्या वेळेला येतेच गं," म्हणाली.

फाटकावरचा वॉचमन हसला. "मॅडम, आज तरी सगळ्यांना पास करा!"

"अभ्यास केला असेल तर करीन की."

शेवटचं मशीन एका अरुंद बोळात, भिंतीकडे तोंड करून उभं होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी.

तिने आधी सीट तपासली. या मशीनच्या सीटखाली स्विच असतो. माणूस बसला की टक्. उठला की टक्. सीट रिकामी असेल तर मशीन जागचं हलत नाही.

वहिनी बसली. टक्. फोर्क कमरेइतके वर घेतले आणि उठली. टक्.

एकदम ठणठणीत.

किल्ली खिशात टाकली. अंग चोरून ती मशीनच्या पुढे गेली. पाठीला भिंत, हातात टॉर्च.

तेवढ्यात...

टक्.

तिने मान वर केली. सीटवर कुणीच नव्हतं.

पण गादी दबलेली होती.

मोटर गुणगुणली. मशीन पुढे सरकलं... जरा तिरकं. बाजूची फट बुजली. एक फोर्क तिच्या डाव्या कुशीला घासून गेला, दुसरा उजव्या. समोरचं लोखंड छातीपासून वीतभर लांब.

ती ओरडली. आवाज खोक्यांनीच गिळला. फोन बाहेर गाडीत.

आणि लेकीची दुधाची वेळ झाली होती. पान्हा फुटून कुर्ता भिजला. तिला रडूच कोसळलं.

मशीन आणखी बोटभर सरकलं...

काय सुचलं कुणास ठाऊक. रोज ड्रायव्हरांशी बोलते त्याच आवाजात ती म्हणाली, "दादा, झालं तपासून. उतरा आता."

काहीच नाही...

मग गादी सावकाश वर आली.

टक्.

गुणगुण थांबली. फोर्कवर पाय देऊन, खोकी ओरबाडत ती कशीबशी बाहेर पडली.

"मॅडम, पास ना?" वॉचमनने विचारलं. ती थांबलीच नाही. गाडीत बसली, पट्टा लावला, निघाली.

टिंग... टिंग... टिंग...

शेजारच्या सीटवर बसणाऱ्याने पट्टा लावला नाही, म्हणून गाडी ओरडत होती.

शेजारची सीट रिकामी होती.

घरापर्यंत ते थांबलं नाही. मेकॅनिकने दोनदा पाहिलं. गाडीत काही बिघाड नाही म्हणतो.

आता गाडी दारातच उभी असते. वहिनी लेकीला उराशी धरून रिक्षाने फिरते. परवा मीच वैतागून म्हटलं, "अगं, तेव्हा सांगितलंस तसं आताही सांग ना, उतरा म्हणून!"

वहिनीने खिडकीतून गाडीकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आणला.

"सांगितलं तर उतरतील गं... पण मग येतील कुठे?"